विक्रमांच्या वहीतलं कोरं पान

आधी ही पाच नावं वाचा.

नाजी हॅरिस, ३,८४३ यार्ड. डेरिक हेन्री, ३,५९१. शॉन अलेक्झांडर, ३,५६५. बॉबी हम्फ्री, ३,४२०. केनेथ डार्बी, ३,३२४.

अमेरिकेच्या दक्षिणेला अलाबामा नावाचं राज्य आहे. तिथल्या टस्कालूसा गावात अलाबामा विद्यापीठ आहे. ह्या विद्यापीठाचा फुटबॉलचा संघ म्हणजे त्या मुलखाचा देव. संघाच्या विक्रमांची वही आहे. कोण किती धावला, कुणी किती झेल घेतले, कुणी किती जणांना आडवं केलं, सगळं नावानिशी, वर्षानिशी लिहिलेलं. त्या वहीत चेंडू घेऊन धावण्याचं पान काढा. कॉलेजच्या सगळ्या वर्षांची बेरीज मांडली की वर ही पाच नावं लागतात. पाचही काळे.

आता दुसरा आकडा घ्या. हा संघ सुरू झाला १८९२ साली. ह्या संघाकडून पहिला काळा खेळाडू सामन्यात उतरला १९७१ साली. मधे गेली ७९ वर्षं. ह्या ७९ वर्षांच्या पानांवर एकही काळं नाव नाही. चुकून नाही, विसरून नाही. येऊच दिलं नाही म्हणून नाही.

ह्या लेखात मला एवढंच सांगायचं आहे. आकडा खोटा नसतो. पण आकडा मोजायला सुरुवात कुठून केली आणि मोजायच्या आधी दारावर कोण उभं होतं, ते आकडा सांगत नाही. ते आपल्याला विचारावं लागतं.

*

खेळ थोडा समजून घेऊ, नाहीतर आकडे नुसतेच भिंतीवर आपटतील.

हा फुटबॉल म्हणजे आपण पायाने खेळतो तो नव्हे. ह्याचा चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात धरून, पोटाशी आवळून पळायचं, नाहीतर पुढच्या गड्याकडे फेकायचा. मैदान १०० यार्डांचं. एका बाजूला ११ गडी. चार खेपांत १० यार्ड पुढे सरकायचं. नाही सरकलात तर चेंडू समोरच्यांच्या हवाली. समोरचे ११ जण अंगावर येतात, कमरेत धरतात, मातीत लोळवतात. कबड्डीत चढाई करणारा पाच-सहा जणांना ओढत मध्यरेषेकडे झेपावतो, तसा एकेक यार्ड ओढून काढावा लागतो. शेवटची रेघ ओलांडली की टचडाऊन, म्हणजे सहा गुण.

प्रत्येक यार्ड मोजला जातो आणि लिहून ठेवला जातो. अमेरिकन माणसाला आकड्याचं भारी वेड. बाप मुलाला शुभंकरोती शिकवावी तसे हे आकडे तिकडे शिकवले जातात. आणि आकडा म्हटला की माणूस मान डोलावतो. आकड्याला जात नाही, रंग नाही, आकडा कुणाचा लाड करत नाही, असं म्हणतो. इथेच आपण जरा थांबायचं.

*

१८९२ च्या नोव्हेंबरात अलाबामा विद्यापीठाचा संघ पहिला सामना खेळला. त्याच वर्षी, २७ डिसेंबरला, नॉर्थ कॅरोलायना राज्यात लिव्हिंगस्टन आणि बिडल ह्या दोन काळ्यांच्या कॉलेजांमध्ये सामना झाला. लिव्हिंगस्टनच्या आवारातल्या गवतावर बर्फ पडत असताना पोरं खेळली. काळ्या कॉलेजांचा हा पहिला सामना. म्हणजे सुरुवात दोघांची एकाच साली. खेळ एकच, चेंडू एकच, हाडं मोडायची ती पण सारखीच. पण वह्या दोन झाल्या. एक वही देशाची झाली, दुसरी फक्त काळ्यांची.

देशभरच्या कॉलेज फुटबॉलचे अधिकृत आकडे १९३७ सालापासून ठेवायला लागले. त्याआधीपासून काळ्या कॉलेजांच्या खेळाडूंची दखल 'पिट्सबर्ग कुरियर'सारखी काळ्यांची वर्तमानपत्रं घेत होती. ती आपल्या खेळाडूंमधून आपला सर्वोत्तम संघ निवडायची आणि छापायची. आपली नोंद आपणच ठेवली पाहिजे, नाहीतर आपण होतो ह्याला पुरावा राहत नाही, हे त्यांना कळलं होतं. हा लेख तुम्ही ज्या कागदावर वाचताय, तोही त्याच शहाणपणातून निघालेला आहे.

अलाबामात तर दार नुसतं बंद नव्हतं, त्याला कायद्याची कडी होती. बर्मिंगहॅम शहराच्या नियमांत १९५० च्या दशकात लिहिलेलं होतं की गोऱ्याने आणि काळ्याने एकत्र पत्ते खेळायचे नाहीत, फासे टाकायचे नाहीत, सोंगट्या मांडायच्या नाहीत. बेसबॉल, बास्केटबॉल, फुटबॉल खेळायचा नाही. इकडे पाण्याला हात लावू देत नव्हते. तिकडे चेंडूला.

विद्यापीठाचं काय? १९५६ च्या फेब्रुवारीत ऑथरिन ल्यूसी ही काळी मुलगी कोर्टाचा हुकूम घेऊन वर्गात बसायला आली. तीन दिवस बसली. बाहेर जमाव जमला, दगड-अंडी फेकली. विद्यापीठाने काय केलं? जमावाला नाही, तिलाच काढलं. तुमच्या जिवाला धोका आहे म्हणून तुम्हीच जा. हे वाक्य आपल्याला नवं नाही. १९८८ साली विद्यापीठाने ती हकालपट्टी रद्द केली आणि १९९२ साली तिने तिथेच एम. ए. ची पदवी घेतली. एका पदवीला ३६ वर्षं.

१९६३ च्या ११ जूनला व्हिव्हियन मलोन आणि जेम्स हूड हे दोघे नाव नोंदवायला आले, तेव्हा राज्याचा गव्हर्नर जॉर्ज वॉलेस स्वतः दारात उभा राहिला. ती इमारत कोणती? फॉस्टर ऑडिटोरियम. विद्यापीठाचं क्रीडागृह. केंद्र सरकारने सैनिक आणले तेव्हा वॉलेस बाजूला झाला. १९६५ साली व्हिव्हियन मलोन पदवी घेऊन बाहेर पडली.

वर्गाचं दार १९६३ ला उघडलं. मैदानाचं दार मात्र १९६३ लाही बंदच. शिकायला या, पण आमच्या देवाला शिवू नका.

*

आता त्या काळातली वही बघा. पॉल 'बेअर' ब्रायंट हा प्रशिक्षक १९५८ साली आला. १९६१, १९६४, १९६५ अशी तीन वर्षं संघाला देशाचं विजेतेपद मिळालं. जो नेमथ, केन स्टेबलर अशी नावं त्या काळात गाजली. सगळा संघ गोरा.

राखीव जागांवरून आपल्याकडे किती शिरा ताणून बोलतात ते तुम्ही ऐकताच. गुणवत्ता मेली, मेरिट बुडालं. तर मग हिशेब लिहून घ्या. १८९२ पासून १९७० पर्यंत अलाबामाच्या संघात शंभर टक्के जागा राखीव होत्या. गोऱ्यांसाठी. त्याला कुणी राखीव म्हटलं नाही, परंपरा म्हटलं.

मी त्या गोऱ्या खेळाडूंच्या घामाला नावं ठेवत नाही. १९५२ साली हूटी इंग्रॅमने एका हंगामात समोरच्यांचे १० फेकलेले चेंडू मधल्यामध्ये पकडले. हे काही फुकट होत नाही. जॉनी मुसो १९६९ ते १९७१ मध्ये २,७४१ यार्ड धावला, हाडं झिजवून धावला. यार्ड खरे, घाम खरा. पण तो विक्रम कुणात झाला? निम्म्या गावाला वेशीबाहेर ठेवून लावलेल्या शर्यतीत झाला. शर्यतीत पहिला आलेला खोटा नव्हे. पण 'सगळ्यांत पहिला' असं लिहिलं तर ते लिहिणारा खोटा.

मग अलाबामाची काळी पोरं होती कुठे? काही टस्कीगीला, अलाबामा स्टेटला, अलाबामा ए अँड एमला, म्हणजे काळ्यांच्या कॉलेजांत. काहींच्या घरच्यांनी गावच सोडलं. क्लॅरेन्स डेव्हिस हा बर्मिंगहॅमात जन्मलेला मुलगा. घरचे कॅलिफोर्नियाला गेले. तो तिकडच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून खेळला. त्याच्या नावाचे यार्ड अलाबामाच्या वहीत नाहीत. जन्म दिला ह्या मातीने, मोजला दुसऱ्या मातीने.

शेजारच्या मिसिसिपीचं उदाहरण घ्या. कोलंबिया नावाच्या लहान गावातला वॉल्टर पेटन काळ्यांच्या जॅक्सन स्टेट कॉलेजात गेला. १९७१ ते १९७४ मध्ये ३,५६३ यार्ड धावला, ४६४ गुण केले. पुढे व्यावसायिक खेळात त्याने सगळ्यांना मागे टाकलं, तेव्हा लोक तोंडात बोट घालून विचारू लागले, हा कुठे होता इतके दिवस? तो होता तिथेच होता. तुमची वही तिथे जात नव्हती.

*

आता दार उघडलं कसं, ते. कारण ह्याबद्दल एक गोष्ट तिकडे फार आवडीने सांगतात.

गोष्ट अशी. १२ सप्टेंबर १९७०. बर्मिंगहॅमचं लिजन फील्ड मैदान. सदर्न कॅलिफोर्नियाचा संघ आला. त्यांच्यात काळे खेळाडू. सॅम कनिंगहॅम नावाचा धिप्पाड काळा पोरगा १३५ यार्ड धावला, दोन टचडाऊन केले. तोच क्लॅरेन्स डेव्हिसही जन्मगावी त्या संघातून आला होता. अलाबामा हरलं, ४२ विरुद्ध २१. ते पाहून गोऱ्यांचे डोळे उघडले, ब्रायंटने ठरवलं की आता आपल्यालाही काळे पाहिजेत, आणि एका संध्याकाळी शंभर वर्षांचं पाप धुऊन गेलं.

गोष्ट गोड आहे. गोड गोष्टी तपासून घ्याव्यात.

तारखा मांडून बघा. त्या सामन्याच्या तीन वर्षं आधी, १९६७ च्या वसंतात, पाच काळे विद्यार्थी आपण होऊन सरावाला जाऊन उभे राहिले. कुणी बोलावलं नव्हतं, शिष्यवृत्ती नव्हती. त्यांची नावं डॉक रोन, अँड्र्यू पर्नेल, मेल्विन लेव्हरेट, जेरोम टकर, आर्थर डनिंग. त्यांना सराव करू दिला. पण त्यांतला एकही अधिकृत सामन्यात उतरला नाही. म्हणून विक्रमांच्या वहीत त्यांच्या नावावर यार्ड नाही, झेल नाही, शून्यसुद्धा नाही. शून्य लिहायलाही आधी मैदानात जावं लागतं.

त्याच वर्षी त्याच महासंघात केंटकी विद्यापीठाचे दोन काळे मित्र होते, नेट नॉर्थिंग्टन आणि ग्रेग पेज. सरावात पेजच्या मानेला इजा झाली. २९ सप्टेंबर १९६७ ला तो वारला. दुसऱ्या दिवशी, ३० तारखेला, नॉर्थिंग्टन मैदानात उतरला आणि त्या महासंघाच्या सामन्यात खेळणारा पहिला काळा खेळाडू ठरला. मित्राचं मढं घरात आणि हा मैदानात. त्या दिवशीच्या त्याच्या आकड्यांत सांगण्यासारखं काही नाही. त्या दिवशी त्याने काय उचललं होतं ते मोजायला वजनकाटाच नव्हता.

पुढे १९६९. अलाबामा विद्यापीठातल्या काळ्या विद्यार्थ्यांच्या संघटनेने कोर्टात दावा लावला. काळे खेळाडू का घेत नाही? दाव्यात विद्यापीठ होतं, खुद्द ब्रायंट होता. वकील यू. डब्ल्यू. क्लेमन, तरणाबांड काळा माणूस. ज्या ब्रायंटला पुतळ्यासारखं पुजत होते, त्याला शपथेवर जबाब द्यावा लागला. १९८० साली हाच क्लेमन अलाबामातला पहिला काळा केंद्रीय न्यायाधीश झाला.

आणि विल्बर जॅक्सन? ओझार्क गावच्या ह्या काळ्या मुलाला शिष्यवृत्तीवर घेतलं होतं तो सामना होण्याच्या आधीच. कनिंगहॅम धावत होता त्या संध्याकाळी जॅक्सन विद्यापीठात दाखल होता. पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात खेळू न देण्याचा तेव्हा नियम होता, म्हणून तो मैदानात नव्हता इतकंच.

म्हणजे दार उघडलं ते हरल्याच्या शरमेने नाही, मोठ्या माणसाच्या दयेनेही नाही. पाच पोरं जाऊन उभी राहिली, संघटनेने कोर्टात खेचलं, मग कडी निघाली. सामन्याने गोऱ्या प्रेक्षकांना ते गिळायला सोपं केलं असेल. पण गोष्ट सांगताना श्रेय कुणाला जातं बघा. प्रशिक्षकाला. आपल्याकडेही तसंच. तळं आपण चाखावं, पाणी खुलं केल्याबद्दल हार त्यांच्या गळ्यात.

*

१० सप्टेंबर १९७१. लॉस एंजेलिस. पुन्हा तोच सदर्न कॅलिफोर्निया. अलाबामाकडून जॉन मिचेल मैदानात उतरला. हा मोबील शहरचा मुलगा. आधी दूर ॲरिझोनातल्या एका ज्युनिअर कॉलेजात खेळून आलेला. अलाबामाकडून सामना खेळलेला पहिला काळा. अलाबामा १७-१० ने जिंकलं. १९७२ साली मिचेल संघाचा जोडकप्तान झाला, १९७३ साली विद्यापीठाचा पहिला काळा साहाय्यक प्रशिक्षक.

विल्बर जॅक्सनचे आकडे बघा. तीन हंगामांत २१२ वेळा चेंडू घेतला, १,५२९ यार्ड धावला. दर वेळेला सरासरी ७.२ यार्ड. १९७३ च्या एका हंगामात तर सरासरी ७.९. ज्यांना हा खेळ कळतो त्यांना विचारा. चार मिळाले तरी चांगलं म्हणतात. ७९ वर्षं ज्यांना गुणवत्ता नाही म्हणून बाहेर ठेवलं, त्यांच्यातला शिष्यवृत्तीवर घेतलेला पहिलाच मुलगा आला आणि सरासरीच्या रकान्यात जाऊन बसला. त्याच १९७३ साली वुड्रो लो ह्या काळ्या खेळाडूने एका हंगामात १३४ वेळा समोरच्याला पाडलं.

पण एक बारीक गोष्ट. धावायला काळा चालला, पाडायला चालला, अंगमेहनतीला चालला. संघाचा मेंदू म्हणजे क्वार्टरबॅक. चेंडू त्याच्या हातात, हुकूम त्याचा. त्या जागेवर नेमाने खेळणारा पहिला काळा, वॉल्टर लेविस, यायला १९८० चं दशक उजाडलं. मोट ओढायला बैल पाहिजे, कासरा मात्र आमच्याच हातात. मग २०२१ साली ब्राइस यंग ह्या काळ्या क्वार्टरबॅकने एका हंगामात ४,८७२ यार्डांचे फेक केले, ४७ टचडाऊन केले. विद्यापीठाच्या वहीत दोन्ही आकडे वर जाऊन बसले.

देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला १९३५ पासून हाइझमन चषक देतात. अलाबामाच्या एकाही गोऱ्या खेळाडूला तो मिळालेला नाही. मिळाला तो चौघांना. २००९ ला मार्क इंग्रॅम, २०१५ ला डेरिक हेन्री, २०२० ला डेव्होंटा स्मिथ, २०२१ ला ब्राइस यंग. चौघेही काळे. स्मिथने २०२० च्या हंगामात ११७ झेल घेतले, १,८५६ यार्ड, २३ टचडाऊन. हे मी रक्ताचा गुण म्हणून सांगत नाही. रक्तात गुण असतो हे म्हणणं त्यांचं, आपलं नव्हे. सांगतोय ते एवढंच की दार उघडल्यावर काय होतं. आणि उघडलं नसतं तर ह्या वहीत काय काय नसतं, ते तुम्हीच ताडा.

*

आता मोजण्याबद्दल. उघडलेल्या दारातून आत आल्यावरही मोजपट्टी कुणाच्या हातात, हा प्रश्न राहतोच.

डेरिक थॉमस हा काळा खेळाडू १९८५ ते १९८८ अलाबामाकडून खेळला. समोरच्या क्वार्टरबॅकला फेक करायच्या आत पाडणं ह्याला सॅक म्हणतात. १९८८ च्या हंगामात थॉमसने २७ सॅक केले. चार वर्षांत ५२. विद्यापीठाच्या वहीत आहेत. पण देशाच्या अधिकृत वहीत सॅक मोजायला लागले २००० सालापासून. म्हणून देशाच्या वहीत विक्रम आहे ॲरिझोना स्टेटच्या टेरेल सग्जचा, २००२ साली २४. सत्तावीस झाले कमी आणि चोवीस झाले जास्त! कुणी खोटं बोललं नाही. फक्त मोजायला उशिरा सुरुवात केली.

दुसरं उदाहरण. हेन्रीने २०१५ ला २,२१९ यार्ड धावून महासंघाचा हंगामाचा विक्रम केला. आधीचा होता जॉर्जियाच्या हर्शेल वॉकरचा, १९८१ सालचा, १,८९१ यार्ड. पण हेन्री खेळला १५ सामने. वॉकरचे मोजले ११. हंगामाअखेरचे खास सामने २००२ च्या आधी बेरजेत धरतच नव्हते. दर सामन्याला भागा. हेन्रीचे होतात १४८, वॉकरचे १७२. दोघेही काळे, त्यामुळे इथे भांडण रंगाचं नाही. पण धडा आपल्या कामाचा आहे. कुणी तोंडावर आकडा फेकला की आधी विचारायचं, भागिले किती? कधीपासून? कुणाकुणाला धरून?

आणि कमाईचा आकडा वेगळाच. ह्या पोरांच्या धावण्यावर विद्यापीठांनी अपार पैसा केला, मैदानं वाढवली, प्रशिक्षक गब्बर झाले. पोरांना शिष्यवृत्तीपलीकडे पैसा घ्यायला बंदी. स्वतःच्या नावावर चार पैसे मिळवायची मुभा मिळाली १ जुलै २०२१ पासून, तीही सर्वोच्च न्यायालयाने त्याच जूनमध्ये खेळाडूंच्या बाजूने निकाल दिल्यावर. यार्ड मोजणाऱ्यांनी मजुरी मोजली नव्हती.

*

बेसबॉलमध्ये मे २०२४ ला एक गोष्ट घडली. काळ्यांना वेगळं ठेवलं होतं तेव्हा त्यांनी आपल्या लीग काढल्या होत्या. त्या लीगमधले आकडे मुख्य वहीत धरले गेले आणि जॉश गिब्सन हा १९४७ साली वारलेला काळा खेळाडू .३७२ च्या सरासरीने सगळ्यांच्या वर गेला. मेल्यावर ७७ वर्षांनी. हे होऊ शकलं, कारण त्याचे सामने कुणीतरी लिहून ठेवले होते.

अलाबामाच्या वहीत असं काही करता येणार नाही. तिथे खेळूच दिलं नाही, मग धरणार काय? ते पान हरवलेलं नाही, कोरं आहे. कोऱ्या पानाची बेरीज होत नाही.

शेवटी आपल्याशी नातं असलेली एक गोष्ट. ह्याच अलाबामात लाउंड्स नावाचा जिल्हा आहे. तिथे शंभरातले ऐंशीच्या आसपास लोक काळे. १९६५ साल उजाडलं तेव्हा तिथल्या मतदारयादीत काळ्यांची संख्या शून्य. मतदारयादी ही पण एक वहीच. मग लोक उठले, नावं नोंदवली, आपला पक्ष काढला. मतपत्रिकेवर चिन्ह पाहिजे होतं, कारण कित्येकांना वाचता येत नव्हतं. आपल्याला हे सांगायला नको. गोऱ्यांच्या पक्षाचं चिन्ह कोंबडा होतं. ह्यांनी घेतला काळा चित्ता. तो चित्ता कुठून आणला? अटलांटाच्या क्लार्क कॉलेजच्या, काळ्यांच्या कॉलेजच्या, संघाच्या चित्त्यावरून. खेळातलं चिन्ह मतपत्रिकेवर आलं. तिथून १९६६ ला ओकलंडला ब्लॅक पँथरकडे गेलं. आणि ते नाव १९७२ ला मुंबईत आलं, दलित पँथर होऊन.

ज्यांना मैदानाच्या मोठ्या वहीत जागा नव्हती, त्यांच्या जर्सीवरचा चित्ता असा आपल्या वस्तीपर्यंत चालत आला. हे यार्ड कुठल्या वहीत लिहिणार?

टस्कालूसाला विद्यापीठात डेनी चाइम्स नावाचा मनोरा आहे. त्याच्या पायथ्याशी संघाच्या कप्तानांच्या हातापायांचे ठसे ओल्या सिमेंटमध्ये उमटवून ठेवतात. १९७२ च्या जागी जॉन मिचेलचे ठसे आहेत, १९७३ च्या जागी विल्बर जॅक्सनचे. आपल्या पूर्वजांना पावलांचा ठसा राहू नये म्हणून कमरेला फडा बांधून चालावं लागत होतं. म्हणून ठसा म्हणजे काय, ते आपल्याला वेगळं सांगावं लागत नाही.

पण त्या ठशांपाशी मनाने उभं राहिलात तर त्या पाचांची आठवण ठेवा. रोन, पर्नेल, लेव्हरेट, टकर, डनिंग. त्यांचा यार्ड नाही, झेल नाही, ठसा नाही. हॅरिसच्या ३,८४३ यार्डांतला पहिला यार्ड मात्र त्यांचा आहे. वहीत तो लिहिलेला नाही. म्हणून इथे लिहून ठेवला.